पिवळं पान कुठलं, ते आधी बघ

परवा इशाची नमाज झाल्यावर मोबाईल हातात घेतला तर भाचीचा फोटो आला होता. ती लंडनजवळच्या एका छोट्या शहरात राहते. घरामागे चार हात जागा आहे, तिथे तिने यंदा झुकिनी लावली आहे. तिकडे तिला कोर्जेट म्हणतात. आपल्याकडे मॉलमध्ये काकडीसारखी दिसणारी, हिरवीगार, महागडी म्हणून आपण बाजूला ठेवून देतो तीच ती. भोपळ्याच्याच घराण्यातली. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "खाला, पानं पिवळी पडतायत. पाणी तर रोज घालते. काय करू?"

"पाणी तर रोज घालते" हे वाचलं आणि मला मागच्या वर्षीचा जुलै आठवला. तेव्हा हेच वाक्य मी घरात सगळ्यांना ऐकवत होते. म्हणून तिला लगेच दोन ओळींचं उत्तर दिलं नाही. "उद्या तीन फोटो पाठव," एवढंच लिहिलं. कुठले तीन, ते शेवटी सांगते. आधी मागच्या वर्षी मी काय काय चुका केल्या ते सांगते, कारण त्या चुकांची किंमत थोडी मोठी होती.

माझे अब्बा, म्हणजे तिचे नाना, दापोली तालुक्यातल्या एका खेडेगावचे. शेवटची सहा वर्षं ते आमच्याकडे दहिसरला होते. गावी त्यांच्या परसात दरवर्षी पावसाळ्यात मांडव असायचा. पडवळ, दोडका, दुधी, काकडी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण श्वेता' पडवळाची, 'कोकण हरिता' दोडक्याची आणि 'शीतल' काकडीची बी ते आवर्जून आणायचे. पण दुधी मात्र घरचा. त्या दुधीचं बी त्यांच्या अब्बांपासून चालत आलेलं होतं. दहिसरला येताना कपड्यांच्या ट्रंकेत ते बी कागदात बांधून आणलं होतं, आणि दरवर्षी आमच्या तळमजल्याच्या घरामागे दोन वेल चढवायचेच.

दुधीवर त्यांचा जीव होता आणि त्याला कारणही होतं. हजरत यूनुस अलैहिस्सलाम माशाच्या पोटातून बाहेर आले, उघड्या किनाऱ्यावर आजारी पडले होते, तेव्हा अल्लाहने त्यांच्यावर सावली धरायला एक वेल उगवला. सूरह साफ्फातमध्ये त्याला यक्तीन म्हटलं आहे आणि बहुतेक मुफस्सिर तो दुधी-भोपळ्याचा वेल होता असं सांगतात. हजरत अनस यांच्या रिवायतीतही आहे की, रसूलुल्लाह सल्लल्लाहू अलैहि वसल्लम दावतीच्या ताटातून दुधीच्या फोडी शोधून खात होते. अब्बा म्हणायचे, "फळाचं कौतुक सगळेच करतात. पण यूनुस नबींना आधी कामाला आलं ते पान."

अब्बांना जाऊन आता दीड वर्ष होईल. ते गेल्यावर खिडकीच्या ग्रिलला टांगलेला एक वाळलेला तुंबा तेवढा राहिला. गेल्या जूनमध्ये तो फोडला. आतलं बरंच बी दमट हवेने काळं पडलं होतं, काही पोकळ निघालं. नऊ बिया धड होत्या. सात लावल्या, दोन जपून ठेवल्या. सातांतल्या चार उगवल्या.

आता या चार वेलांची गोष्ट.

पहिले दोन मी घरामागच्या जमिनीत लावले. ही जमीन म्हणजे काय, ते दहिसरकरांना सांगायला नको. आमच्या इमारतीच्या मागून दहिसर नदी जाते. नॅशनल पार्कात तुळशी तलावाच्या बाजूने निघून बोरिवली-दहिसरमधून खाडीला मिळणारी ही नदी एरवी नाल्यासारखी दिसते, पण पावसात तिला तिची वाट आठवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. नंतर सोसायटीने आवार उंच करून घेतलं. भर कसली घातली? डेब्रिजची. विटांचे तुकडे, प्लॅस्टर, सिमेंट, चुना, आणि वर चार बोटं लाल माती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही रोपं हातभर झाली होती. जुलैत पावसाची झड लागली. खालची पानं पिवळी पडायला लागली, मग दुपारी वेल मान टाकायचे. मला वाटलं, ऊन-पावसाच्या खेळात तहान लागते. पाऊस थांबला की मी तांब्याने पाणी घालायचे. पानं आणखी पिवळी. मग बाजारातून एक टॉनिकची पुडी आणली. पाकिटावर हिरव्यागार झाडाचं चित्र होतं. ती पाण्यात कालवून घातली. चार दिवसांत एक वेल आडवा झाला.

उपटून पाहिला तर मुळं तपकिरी, मऊ, हाताला लागताच साल सुटणारी, आणि कुजका वास. ओढून काढल्यावर खड्ड्यात दोन बोटं पाणी साठलं.

झालं होतं असं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांच्या मधल्या पोकळीत हवा असते. पाणी साचलं की ती पोकळी भरते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणजे पाण्यात उभं असलेलं झाड वर तहानलेलं दिसतं! आपण ती मान टाकलेली पानं बघून आणखी पाणी घालतो. अब्बांच्या परसात हे कधी झालं नाही, कारण कोकणात जमीन उताराची आणि माती जांभ्याची. पाऊस कितीही पडो, पाणी थांबत नाही. शिवाय ते बी आळ्यात नाही, तर मातीचा उंचवटा करून त्याच्या माथ्यावर लावायचे. मी लहानपणापासून बघितलं होतं. बघितलं होतं, पण विचारलं नव्हतं का.

म्हणून पहिली गोष्ट. पान पिवळं दिसलं की पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी बोट मातीत दोन पेरं घालायचं. ओलं लागलं तर पाणी नाही. कुंडी असेल तर तळाचं भोक बुजलंय का, खालच्या ताटलीत पाणी साचलंय का ते बघायचं. जमिनीत असेल तर बाजूने चर काढायचा, खोडाभोवती माती चढवायची. दुसऱ्या वेलासाठी मी हे केलं, पण उशीर झाला होता. ऑगस्टपर्यंत तोही गेला. चारातले दोन गेले.

तिसरा वेल खिडकीच्या ग्रिलवर, रंगाच्या २० लिटरच्या डब्यात होता. डब्याला तळाशी भोकं पाडली होती, पाणी साचत नव्हतं. तरी फुलं यायच्या सुमाराला याची खालची पानं फिकट पडली. ठिपके नाहीत, शिरा नाहीत, सगळं पान सारखं फिकट हिरवं, मग पिवळं. वरचा शेंडा मात्र हिरवा.

या वेळी मी घाई केली नाही. अब्बांचं एक वाक्य आठवलं. गावी कोणी शेजारी येऊन "वेल पिवळा पडलाय" म्हणाला की ते पहिला प्रश्न विचारायचे, "खालचं पान की वरचं?" मला वाटायचं ते वेळ काढतायत. पण तो प्रश्नच अर्धं निदान आहे.

झाडाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. घरातली मोठी माणसं आपल्या ताटातलं लहानांच्या ताटात सारतात तसं. त्यामुळे भूक आधी खालच्या पानात दिसते. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त त्यात पान सगळं पिवळं न होता शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. लोहाचं मात्र उलटं. लोह एकदा पानात बसलं की झाडाला ते तिथून हलवता येत नाही. त्यामुळे लोह कमी पडलं की जुनी पानं हिरवी राहतात आणि नवा शेंडा पिवळा निघतो, शिरा तेवढ्या हिरव्या.

माझ्या डब्यातल्या वेलाला नत्राची भूक होती. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डब्यातली माती ती किती, आणि पावसाचं पाणी तिच्यातून सारखं गळतंय. खत धुऊन जातं. वर दुधीसारखा खादाड वेल. मग दोन ओंजळी गांडूळखत मातीत मिसळलं, आणि दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी, चहाच्या रंगाएवढं पातळ करून. जुनी पिवळी पानं परत हिरवी झाली नाहीत. ती होत नाहीत, त्यांची वाट बघू नका, कापून टाका. बघायचं ते नवीन पान. दहा-बारा दिवसांत नवं पान तळहाताहून मोठं आणि गडद निघालं.

चौथा वेल भिंतीच्या कडेला होता. इथे पाणी साचत नव्हतं, उतार होता. हा सगळ्यांत जोमाचा. जुलै संपेपर्यंत भिंतीवरून पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलला जाऊन पोचला. काकूंना मी विचारलं, त्या म्हणाल्या, "येऊ दे की. तुझ्या वडिलांचा वेल दरवर्षीच येतो आमच्याकडे." काकूंच्या ग्रिलमध्ये त्यांची स्वतःची काकडी आणि तोंडलीही आहे.

या चौथ्याचा शेंडा पिवळा निघायला लागला. शिरा हिरव्या. म्हणजे लोह. कोणी सांगितलं, मातीत खिळे पुर. अब्बांनी एकदा कोणाला तरी यावर सांगितलं होतं की, खिळा गंजायला वेळ घेतो आणि गंज झाडाला पचत नाही. खरं कारण वेगळंच होतं. भिंतीच्या कडेची मूठभर माती घेऊन तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाकलं, तर फसफस झाली. डेब्रिजमधला चुना आणि सिमेंट. मातीत चुना जास्त झाला की लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. उपाशी माणसासमोर कुलूपबंद कोठार.

नर्सरीतून चिलेटेड लोह आणलं. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात घालून संध्याकाळी पानांवर फवारलं, आठवड्याने पुन्हा. आणि बुंध्याजवळ वीतभर खोल डेब्रिज उकरून काढून त्या जागी शेणखत आणि चांगली माती भरली. पंधरा दिवसांत शेंडा हिरवा झाला. फुलं आली.

इथे एक सांगते, कारण पिवळं पडणं फक्त पानांचं नसतं. दुधीचं बोटभर फळ पिवळं पडून गळालं की लोक खत घालायला धावतात. बहुतेक वेळा ते फळ फळलेलंच नसतं. मादी फुलाला मागे इवलासा दुधी असतो, नर फुलाला नुसता देठ. एकातले पराग दुसऱ्यात पोचले नाहीत तर तो इवलासा दुधी पिवळा पडून गळतो. झुकिनीचं आणि भोपळ्याचं फूल पिवळं आणि सकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या असतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. शहरात त्या वेळी कीटक कमी. मग आपणच नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलावर हलकेच फिरवायचं. मी मगरिब झाली की खाली भिंतीजवळ जायचे. काकू दिवा लावून ग्रिलमध्ये यायच्या. त्या वरून सांगायच्या कुठे मादी फूल उमललंय, मी खालून नर फूल द्यायचे. असे दोन दुधी धरले. एक काकूंच्या ग्रिलमध्येच लटकला, तो त्यांनीच तोडला, मी सांगितलं म्हणून. त्याची चणाडाळ घालून भाजी वाटीभर खाली आली.

सप्टेंबरच्या मध्यावर चौथ्या वेलाची पानं पुन्हा पिवळी पडायला लागली. मला वाटलं, लोहच. फवारणी केली. काही फरक नाही. नीट पाहिलं तर हे पिवळेपण वेगळं होतं. शिरांच्या मधून सरळ नाही, तर पानभर गडद हिरवे आणि फिकट पिवळे डाग, जसं ओल्या कागदावर रंग पसरावा. नवी पानं बारीक, सुरकुतलेली, कडा वाकलेल्या. पानाला टिचकी मारली तर खालून पांढऱ्या, पिठाच्या कणाएवढ्या माश्या उडाल्या.

हा मोझॅक. विषाणूचा रोग. मावा किंवा पांढरी माशी आजारी पानाचा रस पिऊन दुसऱ्या झाडावर बसते आणि रोग पसरतो. भेंडीच्या पिवळ्या पडलेल्या शिरा तुम्ही पाहिल्या असतील, त्याच जातीचा प्रकार. याला औषध नाही. निंबोळी अर्क माशीला आवरतो, रोगाला नाही. पिवळे चिकट सापळे टांगून माश्या कमी करता येतात, लागलेला रोग जात नाही. झाड उपटायचं, एवढाच उपाय.

मला हे माहीत होतं. अब्बांनी गावी एकदा अख्खा दोडक्याचा मांडव एका सकाळी उपटलेला मी पाहिला होता. मी रडले होते तेव्हा.

पण हा वेल अब्बांच्या शेवटच्या बियांतला. चारातला सर्वांत मोठा. मी स्वतःला सांगितलं, पक्कं नाही, केवडा असेल. केवड्यातही पानं पिवळी पडतात, पण त्यात ठिपके कोनाकोनाचे असतात, शिरांच्या चौकटीत बसलेले, आणि सकाळी पानाच्या पाठीवर करडी-जांभळी बुरशी दिसते. ती रोगट पानं काढून, हवा खेळती ठेवून, पान न भिजवता बुंध्याशी पाणी देऊन आवरता येते. मी रोज सकाळी फज्रनंतर पानाची पाठ बघायचे आणि बुरशी शोधायचे. ती नव्हती. भुरी असेल म्हटलं. भुरीत पानावर पांढरी पावडर दिसते. तीही नव्हती. तरी मी काकूंना काही बोलले नाही. आठ दिवस असे काढले.

नवव्या दिवशी काकू म्हणाल्या, "अगं, माझ्या काकडीची पानं बघ ना, कशी चुरगळलीत."

मी वर गेले. त्यांच्या काकडीचा शेंडा सुरकुतलेला, पानांवर तेच पिवळे-हिरवे डाग. माझाच वेल त्यांच्या ग्रिलमध्ये शिरलेला आणि पांढऱ्या माशीला दोन झाडांमध्ये वीतभरही अंतर नाही. मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. हा रोग आहे, माझ्या वेलावरून आलाय, मला आठ दिवसांपासून शंका होती आणि मी बोलले नाही. का बोलले नाही तेही सांगितलं.

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आठ दिवस आधी सांगायला हवं होतंस." त्यांच्या आवाजात राग होता. तो बरोबर होता.

त्याच संध्याकाळी दोघींनी मिळून काम केलं. आधी दोन्ही वेलांवर साबणाचं पाणी फवारलं, म्हणजे माश्या हलवताना उडून दुसरीकडे जाणार नाहीत. मग मी खालून बुंधा कापला, काकूंनी वरून वेल सोडवला. मोठ्या काळ्या पिशवीत भरून तोंड बांधलं. खताच्या ड्रममध्ये टाकायचं नाही, ते मी त्यांना सांगितलं. कात्री साबणाने धुतली. तोंडलीला काही झालं नव्हतं, पण तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं. वेलावर एक दुधी अर्धवट वाढलेला होता. बियांसाठी ठेवावा असं मनात आलं, पण आजारी वेलाचं बी धरायचं नसतं. काही विषाणू बियांतूनही जातात. तोही पिशवीत गेला.

अब्बा असते तर पहिल्या दिवशीच उपटला असता. त्यांचं प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. त्यांना शेजाऱ्याचा मांडव दिसत होता, मला फक्त माझा वेल दिसत होता.

राहिला तो डब्यातला तिसरा. मोझॅकच्या भीतीने मी त्याला डोळ्यांत तेल घालून सांभाळला. दर आठवड्याला निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, त्यात साबणाचे चार थेंब टाकायचे आणि संध्याकाळी पानाच्या पाठीला लागेल असं फवारायचं. दोन पिवळे चिकट सापळे टांगले. नवं पान रोज बघायचे. तो वाचला. त्याच्यावरचा एक दुधी तोडला नाही, वेल वाळेपर्यंत तसाच ठेवला. जानेवारीत तो हलवला तर आत बी खुळखुळ वाजलं. मूठभर बी मिळालं. त्यातलं अर्धं काकूंना दिलं. त्यांनी यंदा लावलंय, वेल ग्रिलवर चढलाय. घरच्या बियांच्या दुधीबद्दल एक काळजी मात्र घ्या. चिरल्यावर आधी चिमूटभर तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधीने, विशेषतः त्याच्या रसाने, विषबाधा होते, माणसं दगावल्याचीही उदाहरणं आहेत.

आता भाचीचे तीन फोटो. मी तिला सांगितलं होतं, एक सगळ्यांत खालच्या पानाचा, एक शेंड्याचा, आणि एक पानाच्या पाठीचा. सकाळी आले. खालची तीन पानं सबंध पिवळी. शेंडा हिरवा. पाठ स्वच्छ, माशी नाही, बुरशी नाही. मधल्या पानांवर शिरांच्या बाजूने चंदेरी ठिपके आहेत, ते बघून ती घाबरली होती. ते झुकिनीच्या पुष्कळ जातींत जन्मजात असतात, रोग नाही. आणि चौथा फोटो तिने न सांगता पाठवला होता, कुंडीचा. सुंदर निळी, चिनी मातीची. मी विचारलं, "तळाला भोक आहे?" थोड्या वेळाने उत्तर आलं, "नाही."

म्हणून बेटा, हे सगळं तुझ्यासाठी लिहिलं. पाणी आज थांबव. झाड मातीसकट बाहेर काढून मुळं बघ. पांढरी असतील तर जीव आहे. तपकिरी, मऊ असतील तेवढी कापून टाक. भोक असलेल्या मोठ्या कुंडीत नवीन मातीत लाव, कंपोस्ट घालून. खालची तीन पानं काढून टाक. दोन दिवस सावलीत ठेव. मग बोट घालून बघितल्याशिवाय पाणी घालू नकोस. पंधरा दिवसांनी मला फक्त नव्या पानाचा फोटो पाठव, जुन्याचा नको.

नानांचं बी तुला पोस्टाने पाठवायची फार इच्छा होती, पण परदेशात बी पाठवायला कागदपत्रं आणि तपासण्या लागतात, आणि त्या नियमांचं कारण मला मागच्या सप्टेंबरमध्ये चांगलं समजलं आहे. तू इकडे येशील तेव्हा काकूंच्या ग्रिलमध्ये आणि माझ्या डब्यात, दोन्हीकडे वेल असेल. कुणाचा आधी पिवळा पडतो ते बघू. या वेळी आधी सांगायचं ठरलंय.